परसांतील कोंबड्या आणि खाजणांतला कोल्हा

परसांत दहा-बारा कोंबड्या पाळणें हा शेतीचा सर्वांत लहान जोडधंदा होय. त्याला भांडवल थोडें, जागा थोडी, आणि त्याचा पैसा बहुतकरून घरांतील बाईच्या हातीं येतो. म्हणूनच कीं काय, शेतीच्या पुस्तकांत त्याला मान कमी मिळतो. आणि एखाद्या रात्रीं खुराडें रिकामें झालें तर त्या नुकसानीची दाद घेणाराहि कोणी नसतो. बैल दगावला तर सारें गांव विचारपूस करितें. सात कोंबड्या गेल्या तर "कोल्ह्यानें नेल्या" एवढें म्हणून लोक आपापल्या कामाला लागतात. हें नुकसान टाळतां येतें, तेंहि थोडक्या खर्चांत, आणि त्यासाठीं कोणत्याहि प्राण्याचा जीव घ्यावा लागत नाहीं, हें प्रस्तुत पाठांत दाखवावयाचें आहे.

१. गांवाची स्थिति

उदाहरणासाठीं आपण शिरवणे हें गांव घेऊं. आज हें गांव सायन-पनवेल महामार्गालगत, जुईनगर व नेरूळ यांच्या दरम्यान, नवी मुंबईच्या वस्तींत पुरतें वेढलेलें आहे. पूर्वेस कारखान्यांची वसाहत व तिच्यापलीकडे पारसिकची डोंगररांग. पश्चिमेस पाम बीच मार्ग ओलांडला कीं तिवरांचें रान आणि ठाण्याची खाडी. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें नियोजित क्षेत्रांत आलीं. भातखाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. ज्या घरांची शेतें गेलीं त्यांच्यापैकीं कांहींच्या परसांत शेतीची म्हणून जी एक गोष्ट उरली ती कोंबडी. ह्यास्तव तिचें मोल केवळ अंड्यांच्या भावावरून ठरवूं नये.

शेतें गेलीं तरी खाजण सगळेंच गेलें नाहीं. खाडीकांठचीं तिवरें शासनानें संरक्षित केलीं आहेत. त्यांच्या देखरेखीसाठीं २०१२ सालापासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, आणि ठाणे खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नेरूळ, सीवूड्स, खारघर येथल्या खाजणांलगत कोल्हे लोकांच्या दृष्टीस पडले आहेत. कोणी म्हणतात, हे कोल्हे शहरांत शिरले. खरें पाहतां शहरच त्यांच्या कुशींत येऊन बसलें आहे. तिवरांच्या कडेनें मोठे नाले व पावसाचें पाणी सांठविण्याचे तलाव आहेत. त्यांच्या कांठानें रात्रीं फिरणाऱ्या प्राण्याला वस्तीपर्यंत पोंचणें अवघड नाहीं.

२. चोर कोण, हें आधीं ठरवावें

कोंबडी नाहींशी झाली कीं आळ कोल्ह्यावर येतो. पण कोंबडीचे वैरी पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची वाट निराळी. ती ओळखल्यावांचून केलेला बंदोबस्त वायां जातो.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. इंग्रजी गोष्टींच्या भाषांतरांत 'फॉक्स' ह्या प्राण्यालाहि आपण कोल्हाच म्हणतों. आपल्याकडील खरा 'फॉक्स' म्हणजे खोकड. खोकड अंगानें लहान, वजन दोन-तीन किलोच्या आसपास, शेपूट झुबकेदार व टोंकाला काळें; तो उघड्या माळरानांत राहतो. कोल्हा त्याहून मोठा, साधारण आठ ते अकरा किलो वजनाचा, रंगानें पिवळसर-तपकिरी, पाठीवर काळे-पांढरे केस मिसळलेले, आणि शेपूट त्या मानानें आंखूड. खाजणांत राहणारा हा कोल्हाच. खोकड तेथें सांपडावयाचा नाहीं.

आतां खुणा पाहूं.

कोल्हा बहुधा तिन्हीसांजेपासून पहांटेपर्यंत येतो. कोंबडी धरली कीं जागेवर न खातां उचलून नेतो. मागें पिसांची ओळ झुडपाच्या दिशेनें गेलेली दिसते. तो जमीन उकरून आंत शिरतो किंवा सैल दार ढकलतो. बंद खुराड्यांत शिरला व कोंबड्या फडफडूं लागल्या तर एकीवर न थांबतां अनेक मारितो आणि एखादीच नेतो. हा त्याचा द्वेष नव्हे; फडफडणारें भक्ष्य दिसलें कीं झडप घालणें हा शिकारी प्राण्याचा स्वभाव आहे.

मोकाट कुत्रा दिवसांहि येतो. तो कोंबड्या फाडून टाकितो, पुष्कळदां न खातां तशाच सोडतो, आणि पिसें व मांस चहूंकडे विखुरलेलें असतें. गांवठाणांत कोल्ह्याच्या नांवावर पडणारी हानि पुष्कळ वेळां कुत्र्यांची असते.

मुंगूस दिवसां फिरतें. मानेवर अथवा डोक्यावर चावा घेतें, अंडीं फोडून खातें, आणि हाताच्या मुठीएवढ्या फटींतून आंत जातें.

रानमांजर एकेक कोंबडी उचलतें. उदमांजर छपरावरून उतरतें. कौलें सरकलेलीं असलीं तर तोच त्याचा दरवाजा.

घूस व उंदीर लहान पिलें आणि अंडीं नेतात. खुराड्याच्या तळाशीं ताज्या मातीचा ढीग व भोंक दिसलें तर दुसऱ्या कोणाला दोष देऊं नये.

साप अंडें किंवा पिलूं अख्खें गिळतो. रक्ताचा थेंबहि मागें राहत नाहीं. घार दिवसां वरून पिलूं उचलते.

शंका असल्यास एक सोपा उपाय करावा. संध्याकाळीं खुराड्याभोंवतीं हातभर रुंदीची चाळलेल्या राखेची किंवा बारीक रेतीची पट्टी पसरावी. सकाळीं पाऊल उमटलेलें दिसेल. कुत्र्याचें व कोल्ह्याचें पाऊल सारख्याच घडणीचें असतें, परंतु कोल्ह्याचें अरुंद व लांबट, आणि चाल बहुधा एका रेषेंत सरळ. मांजराच्या पावलांत नखें उमटत नाहींत. कुत्रा व कोल्हा यांचीं उमटतात. तीन-चार सकाळ ही पट्टी पाहिली म्हणजे पाहुणा कोण हें बहुतेक कळतें.

३. कोल्ह्याची राहणी

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं पाहून केलेली आहे. कोल्हा केवळ मांसावर जगत नाहीं. खेकडे, मासे, उंदीर, घुशी, सरडे, किडे, बोरें-जांभळांसारखीं फळें, मेलेलें जनावर, आणि माणसानें टाकलेलें उष्टें, ह्यांपैकीं जें सहज मिळेल तें तो खातो. खाजणांत खेकडे व उंदीर विपुल असतात. मग तो आपल्या परसांत कां येतो?

ह्याचें मुख्य कारण असें कीं आपण त्याला बोलावितों. मासळी साफ करून कल्ले-आंतडीं नाल्याच्या कडेला टाकणें, कोंबडीच्या दुकानांतील पिसें व आंतडीं पोत्यांत भरून खाडीच्या बाजूस फेंकणें, लग्नकार्याचें उष्टें मोकळ्या जागेंत ओतणें, हीं आमंत्रणेंच होत. कोल्हा प्रथम ह्या घाणीसाठीं येतो. चार रात्रीं पोट भरलें कीं वाट त्याच्या ओळखीची होते, आणि पांचव्या रात्रीं वाटेवर उघडें खुराडें लागतें. ह्या घाणीनें मोकाट कुत्रे व घुशीहि वाढतात. म्हणजे एकाच चुकीनें कोंबडीचे तीन वैरी पोसले जातात.

आणखी दोन वेळा लक्षांत ठेवाव्या. उन्हाळ्याच्या सुमारास कोल्ह्याला पिलें असतात व त्याला अधिक भक्ष्य लागतें. आणि पावसाळ्यांत, विशेषतः उधाणाच्या भरतीला, खाजणांतील कोरडी जागा आकुंचित होते व तेथलें जनावर बांधाकडे सरकतें. ह्या दोन्ही वेळीं खुराड्याची राखण अधिक काटेकोर असावी.

४. मारणें हा उपाय नव्हे

समजा, एका घरीं बारा कोंबड्या आहेत. एके रात्रीं दाराची कडी लावावयाची राहिली आणि सकाळीं पांचच उरल्या. अशा वेळीं घरांतला एखादा तरुण पुतण्या रागाच्या भरांत म्हणतो, "काकी, मासळींत औषध घालून ठेवूं." राग समजण्यासारखा आहे, पण हा विचार तीन कारणांनीं टाकून द्यावा.

पहिलें कारण कायद्याचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कोल्ह्याला संरक्षण दिलें आहे, आणि २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या अनुसूचींत गणला जातो. कायद्यांत 'शिकार' ह्या शब्दांत केवळ मारणें येत नाहीं. पकडणें, फांस लावणें, विष घालणें आणि तसा प्रयत्न करणेंहि त्यांत येतें. शिक्षा तुरुंगवासाची आहे. सात कोंबड्यांसाठीं घरांतला मुलगा कोर्टांत उभा राहावा, हा व्यवहार कोणत्याहि हिशेबानें तोट्याचाच.

दुसरें कारण विषाचें. विष कोल्ह्याचा पत्ता विचारीत नाहीं. तें घालणाऱ्याचा स्वतःचा कुत्रा खातो, शेजारच्याचें मांजर खातें. मेलेल्या जनावरावर घार व कावळे उतरतात. आणि परसांत खेळणारें लहान मूल कोणत्या वस्तूला हात लावील ह्याचा नेम नसतो.

तिसरें कारण असें कीं त्यानें काम होत नाहीं. कोल्हा जोडीनें राहतो व आपलें क्षेत्र राखतो. एक जोडी नाहींशी झाली तर मोकळी झालेली जागा शेजारची जोडी अथवा फिरता तरुण कोल्हा व्यापतो. घाण तशीच, दार तसेंच उघडें, मग पाहुणाहि येणारच. पकडून दूर सोडण्याविषयींहि हेंच म्हणतां येईल. शिवाय तसें करण्याचा अधिकार खासगी माणसाला नाहीं.

फटाके वाजविणें, दिवा लावून ठेवणें, बुजगावणें उभें करणें हे उपाय चार-आठ दिवस चालतात. कोल्हा सावध आहे तसाच हुशारहि आहे. ज्याच्यापासून इजा होत नाहीं त्याची भीति तो लवकर सोडतो. शिवाय खाजणांत तो उंदीर-घुशी खातो, हा आपलाच फायदा होय. तात्पर्य, झगडा कोल्ह्याशीं नाहीं, तो आपल्या खुराड्याच्या दाराशीं आहे.

५. खुराडें कसें असावें

कोंबडीला अंधारांत दिसत नाहीं. सूर्य मावळतां मावळतां ती आपण होऊन बसण्याच्या जागीं येते आणि उजाडेपर्यंत हालत नाहीं. कोल्ह्याची फिरण्याची वेळ नेमकी हीच. म्हणजे ह्या बारा तासांत जर कोंबडी भक्कम जागेंत असेल, तर बहुतेक प्रश्न सुटला. आपल्याकडे कोंबड्या डालग्याखालीं झांकतात, पडवीच्या कोपऱ्यांत कोंडतात, किंवा झाडावर बसूं देतात. डालगें पिलांसाठीं दिवसां ठीक. रात्रीं कोल्हा किंवा कुत्रा तें एका धडकेंत उलथून टाकितो.

बारा कोंबड्यांसाठीं खुराड्याचें माप पुढीलप्रमाणें धरावें.

जागा: दर कोंबडीस दोन चौरस फूट. म्हणजे सहा फूट लांब व चार फूट रुंद, एकूण चोवीस चौरस फूट.

उंची: खुराडें जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच खांबांवर उभारावें. आंतील उंची पुढें तीन फूट व मागें अडीच फूट ठेवली तर छपराला उतार मिळतो. खांबांना मध्यावर पत्र्याच्या उलट्या नरसाळ्यासारख्या टोप्या बसविल्यास उंदीर-घुशी वर चढत नाहींत.

भिंती: आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण व पश्चिम बाजू फळीनें किंवा पत्र्यानें बंद कराव्या. उरलेल्या दोन बाजूंचा वरचा अर्धा भाग हवेसाठीं जाळीचा ठेवावा. कोंबड्यांना दमट, कोंदट हवा मानवत नाहीं.

जाळी: येथें पुष्कळ लोक फसतात. बाजारांत षट्कोनी घरांची पातळ जाळी कोंबडी-जाळी म्हणून मिळते. ती कोंबडीला आंत ठेवण्यापुरती ठीक आहे. कोल्ह्याला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. दांतांनीं व पंजांनीं ती फाटते. त्याऐवजीं जस्ताचा मुलामा दिलेली, अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्डमेश घ्यावी. तिच्यांतून कोल्हा नाहीं, मुंगूस नाहीं, उंदीरहि सहसा शिरत नाहीं. ती बारीक खिळ्यांनीं न ठोकतां पट्टी व स्क्रूंनीं आवळावी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानें लोखंड लवकर गंजतें. म्हणून मृगापूर्वीं एकदां व दिवाळीच्या सुमारास एकदां सर्व जाळी हातानें ओढून पाहावी.

तळ: फळ्यांचा तळ करून त्यावर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरावा व ओला होतांच बदलावा. काढलेली विष्ठा व भुसा परसबागेला उत्तम खत होतें. मात्र तें कुजवून घालावें, ताजें घालूं नये.

बसण्याची काठी: दर कोंबडीस आठ इंच. बारा कोंबड्यांना आठ फूट, म्हणजे चार फुटांच्या दोन काठ्या. काठी जाळीला चिकटून नसावी. बाहेरून पंजा पोंचूं नये म्हणून निदान फूटभर आंत ठेवावी.

अंडीं घालण्याची पेटी: चार-पांच कोंबड्यांस एक, फूटभर लांब-रुंद, अंधुक उजेडाच्या बाजूस.

दार: सर्व खुराड्यांत हेंच मर्मस्थान. दोरीनें बांधलेलें, विटेचा टेंका लावलेलें दार म्हणजे दार नव्हे. फूटभर रुंदीचें, खांचेंत वरून खालीं सरकणारें फळीचें दार करावें व त्याला कडी-कोयंडा लावून कोयंड्यांत खिळा अडकवावा. दुहेरी बंद असेल तर पंजानें उघडत नाहीं.

जागेअभावीं खुराडें जमिनीवरच ठेवावें लागलें तर कोल्हा भिंतीच्या बुडाशीं उकरतो हें ध्यानांत ठेवावें. त्यासाठीं भिंतीच्या तळापासून बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी अंथरून ती भिंतीच्या जाळीशीं तारेनें घट्ट शिवावी व वर दोन इंच माती व दगड टाकावे. प्राणी भिंतीला लागूनच उकरूं लागतो. जाळी लागली कीं थांबतो. मागें सरून दोन फुटांवरून भुयार खणण्याची युक्ति त्याला सहसा सुचत नाहीं.

पिलांसाठीं निराळी व्यवस्था हवी. पहिले आठ आठवडे तीं खुडूक कोंबडीसह रात्रीं बंद पेटींत व दिवसां जाळीखालीं ठेवावीं. कोळीवाड्यांत मिळणारें जुनें मासेमारीचें जाळें घारीपासून बचाव करण्यास पुरेसें आहे. तें वर ताणून बांधावें. जमिनीवर सैल लोंबूं देऊं नये, कारण त्यांत साप व पक्षी गुंततात. कोल्ह्याच्या दांतांपुढें हें जाळें टिकत नाहीं, हेंहि विसरूं नये.

६. रोजचा नेम

चांगलें खुराडें बांधून काम अर्धें होतें; उरलेलें अर्धें रोजच्या संवयीनें.

दिवेलागणीपूर्वीं मूठभर कणी किंवा तांदूळ खुराड्यांतच टाकावे. एकच हांक ठरवावी. आठ दिवसांत कोंबड्या त्या हांकेला आंत येतात.

दार लावण्यापूर्वीं मोजणी करावी. बाराऐवजीं अकरा भरल्या तर बारावी अंधार पडण्याआधीं शोधावी. ती बहुधा झुडपांत चोरून अंड्यांवर बसलेली असते, आणि कोल्ह्याला ती आपल्या आधीं सांपडते.

दार लावण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे असावें. ज्या दिवशीं तें माणूस परगांवीं जाईल त्या दिवशीं दुसऱ्यावर नांव घेऊन सोंपवावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें, आणि पुष्कळशी हानि लग्नाच्या, सणाच्या किंवा आजारपणाच्या रात्रींच होते.

सकाळीं पुरतें उजाडल्यावर दार उघडावें.

उरलेलें खाद्य व फुटकीं अंडीं रात्रभर पडूं देऊं नयेत. मासळीची व मटणाची घाण झांकणाच्या डब्यांत ठेवून पालिकेच्या गाडींत द्यावी. एकट्या घरानें हें केलें व शेजाऱ्यानें नाल्यांत टाकलें तर उपयोग थोडा. म्हणून गल्लींतील चार घरांनीं मिळून ठरवावें.

घरचा कुत्रा चांगला राखणदार होतो. पण त्याला रेबीजची लस दरसाल टोंचून घ्यावी.

७. कोल्हा दिसला किंवा चावला तर

निरोगी कोल्हा माणसाला पाहून दूर जातो. तो दिसला म्हणून पाठलाग करूं नये, दगड मारूं नये, खायलाहि घालूं नये. मोकळी वाट द्यावी म्हणजे तो निघून जातो. पण जो कोल्हा दिवसां वस्तींत झोकांड्या खात फिरतो, विनाकारण अंगावर येतो किंवा तोंडांतून लाळ गाळतो, तो आजारी समजावा. २०२४ सालीं मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे बाजूच्या कोल्ह्यांत रेबीजची बाधा आढळली होती. ह्यास्तव ही सावधगिरी केवळ पुस्तकी नव्हे. असा किंवा जखमी प्राणी दिसल्यास मुलांना घरांत घेऊन वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें. स्वतः हात लावूं नये.

कोल्हा, कुत्रा किंवा मांजर चावल्यास, नख लागल्यास अथवा त्याची लाळ जखमेवर पडल्यास ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहींहि भरूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी व सांगितलेल्या सर्व तारखांना पुन्हां जावें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी जवळजवळ वांचतच नाहीं. परंतु वेळेवर घेतलेली लस तो होऊं देत नाहीं. चावलेली किंवा अर्धवट खाल्लेली कोंबडी शिजवून खाऊं नये; हातांत पिशवी घालून उचलावी व खोल पुरून वर चुना टाकावा.

८. हिशेब

आतां वरच्या उदाहरणांतील घराचा हिशेब करूं. गांवठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐशीं अंडीं देते. साठच धरलीं तरी सात कोंबड्यांचीं वर्षाचीं ४२० अंडीं गेलीं. ती उणीव भरून काढावयाची तर खुडूक कोंबडीखालीं अंडीं ठेवून एकवीस दिवसांनीं पिलें निघणार, आणि तीं तलंगा होऊन अंड्यावर येण्यास सुमारें सहा महिने लागणार. आपल्या गांवचा अंड्याचा भाव ह्या ४२० ला लावावा, त्यांत सात कोंबड्यांची किंमत मिळवावी, आणि ती रक्कम जाळी, फळ्या व कडी-कोयंडा यांच्या खर्चाशेजारीं मांडून पाहावी. खुराडें पुष्कळ वर्षें टिकतें. नुकसान मात्र एका रात्रींत होतें.

हा हिशेब करितांना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. कोल्ह्यानें नेलेली कोंबडी सर्वांना दिसते. रोगानें मेलेली कोणी मोजीत नाहीं. राणीखेत, म्हणजे ज्याला आपण मानमोडी म्हणतों, तो रोग एकदां शिरला तर चार दिवसांत सारें खुराडें झोपवितो. आपल्या देशांत तो १९२७ सालीं राणीखेत येथें ओळखला गेला, म्हणून त्याला हें नांव पडलें. पिलांना पहिल्या आठवड्यांत लासोटा व सुमारें आठव्या आठवड्यांत पुढची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. जखम नसतां एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर त्या फेंकूं नयेत, विकूं नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यांत ताबडतोब कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची सांथ उघडकीस आली, तेव्हां सगळ्या जिल्ह्याच्या कोंबडीपालनाला त्याची किंमत द्यावी लागली.

स्मरणांत ठेवण्यासारखें

१. आधीं राखेची पट्टी, मग आरोप.

२. रात्रीं प्रत्येक कोंबडी बंद खुराड्यांत. मोजल्यावांचून दार लावूं नये.

३. अर्ध्या इंचाची मजबूत जाळी, दुहेरी कडी, आणि जमिनीवर खुराडें असल्यास बाहेर दीड-दोन फूट आडवी जाळी.

४. मासळी-मटणाची घाण उघड्यावर नको.

५. विष, फांस, पिंजरा मुळींच नको.

६. चावा झाल्यास साबण, पाणी व त्याच दिवशीं लस.

उदाहरणांतील त्या काकींच्या घरीं पांच कोंबड्या उरल्या होत्या. त्यांपैकीं एक खुडूक बसली तरी वर्षाच्या आंत खुराडें पुन्हां भरेल. मात्र त्या रात्रीं राहिलेली कडी रोज लागली पाहिजे. पुतण्यानें विषाचा नाद सोडून दोन रविवार हातोडा व जाळी हातीं घेतली, तर त्याच्या रागाचेंहि सार्थक होईल. खाजणांतून कोल्हेकुई ऐकूं येईल तेव्हां घरच्यांना काळजी वाटावयाचें कारण उरणार नाहीं. आपली मोजणी बारा भरली आहे एवढें पाहून त्यांनीं स्वस्थ निजावें.